पहिल्या धारेचा मान

आयनखोलात पाय ठेवलेला पाहुणा ओढ्याच्या काठी येतो, काजूच्या भट्टीचा वास नाकात भरून घेतो, आणि डोळे मिचकावत हटकून एकच प्रश्न विचारतो, ‘पहिल्या धारेची आहे ना?’ पुण्याचा असो, कोल्हापूरचा असो, नाहीतर थेट नागपूरहून गाडी हाकत आलेला असो, प्रश्न तोच. आपल्याला यातलं सगळं कळतं, हे गाववाल्यांना दाखवायची त्याची ती रीत असते. मग भट्टीवरचं जे कोणी म्हातारं माणूस असेल ते हसतं आणि ओढ्यापलीकडे बोट दाखवतं. ‘पयली धार तेची. व्हयी तर तेच्याकडे माग.’

पलीकडे एक काळा धोंडा आहे. बसलेल्या बैलाएवढा. आमच्याकडच्या पावसाळ्याची ज्याला कल्पना आहे त्याला सांगायला नको की आषाढ सरेपर्यंत इथे काहीही काळं राहत नाही. कौलं हिरवी होतात, दगडी गडगे हिरवे होतात, घाईत बाहेर विसरलेली चप्पलसुद्धा हिरवी होते. या धोंड्याच्या चारी बाजूंच्या दगडांवर बोटभर शेवाळ चढतं. हा मात्र भर श्रावणात धुऊन पुसून ठेवल्यासारखा काळाभोर. गावात त्याला ‘पेणारो धोंडो’, म्हणजे पिणारा धोंडा, म्हणतात. तो राखणदाराचा धोंडा. राखणदार म्हणजे गावाची शीव सांभाळणारा देव. खांद्यावर घोंगडी आणि हातात दांडा घेऊन तो फिरतो, त्याच्या वहाणा करकरतात, आणि वाट चुकलेल्या माणसाला तो घरापर्यंत आणून सोडतो, असं सांगतात.

कॉलेजातून शिकून आलेले काही पाहुणे म्हणतात, दारूनं शेवाळ मरतं, त्यात काय एवढं. मरत असेल बापडं. आम्ही कुठे नाही म्हणतो? पण दारू धोंड्यावर ओतायची बुद्धी या गावाला झाली कशी, ते काही कॉलेजात शिकवत नाहीत. ते इथे बसून ऐकावं लागतं.

आणि बसूनच. उभ्यानं प्यायची चाल आयनखोलात नाही. चैत्र-वैशाखात आलात तर हुर्राक मिळेल. ती काजूच्या रसाची पहिली उतरण, अंगानं हलकी आणि वासाला ताज्या बोंडूसारखी, म्हणजे काजूच्या फळासारखी. तिच्यात विहिरीचं गार पाणी, लिंबू, मिठाचे दोन खडे आणि उभी चिरलेली हिरवी मिरची टाकायची. ती साठवून ठेवायची वस्तू नव्हे. पावसाआधी प्यायची आणि पुढच्या चैत्राची वाट पाहायची. तीच हुर्राक पुन्हा भट्टीवर चढवली की फेणी होते. फेणीत काही घालायचं नाही. नारळाच्या करटीत थोडीशी घ्यायची, आधी वास घ्यायचा, मग जिभेवर ठेवायची, आणि सोबत भाजलेला बांगडा नाहीतर ओले काजूगर. रिकाम्या पोटी मागाल तर आधी भाकरी पुढ्यात येईल. काळ्या रंगाचं बाटलीतलं गोड पाणी तिच्यात ओतणारे पाहुणेही येतात. त्यांना आम्ही काही बोलत नाही, पण दुसऱ्या खेपेला त्यांच्या वाट्याला जरा बेताचाच माल येतो.

हे सगळं आता रीतीनं चालतं. असं नेहमी नव्हतं म्हणे.

फिरंग्यांनी समुद्रापलीकडून आणलेलं काजूचं झाड या डोंगरात रुजून काही पिढ्या झाल्या होत्या, त्या काळातली ही गोष्ट. आयनखोलात भट्टी एकच होती, आणि ती धाकूच्या घराची. घाटावरचे व्यापारी बैल घेऊन खाली उतरत ते या भट्टीची फेणी न्यायला. झाडावरचा बोंडू तोडायचा नाही, आपसूक गळून पडलेलाच उचलायचा, हा त्या घराचा दंडक. जांभ्यात कोरलेल्या हौदीत तो पायांनी तुडवायचा, रस मडक्यांत आंबू द्यायचा, मग तांब्याच्या भाण्यात, म्हणजे भट्टीच्या हंड्यात, चढवून तोंड वारुळाच्या मातीनं लिंपायचं आणि खाली मंद जाळ ठेवायचा. यात धाकूचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता.

पण धाकू आंधळा होता. त्याचा बापही आंधळा होऊन मेला होता, आणि आजाही.

जन्मांध यांतला कोणीच नव्हता. त्याचं असं होतं, की भाणं तापून नळीतून जी पहिली धार येते ती सगळ्यांत कडक. वास असा, की नुसत्या वासानं डोळ्यांत पाणी यावं. जी कडक ती मोठी, आणि जी मोठी ती घरच्या कर्त्याची, असा गावाचा हिशेब. भट्टी हाती घेतलेल्या माणसानं प्रत्येक भाण्याची पहिली धार करटीत धरायची आणि साऱ्यांसमोर एका दमात प्यायची. ती पोटात रिचवेल तोच खरा भट्टीवाला. काही उन्हाळे गेले की त्याला दिवे धुरकट दिसू लागत, मग माणसं धुरकट दिसू लागत, आणि मग काहीच दिसत नसे.

गावाला हे कळत नव्हतं असं समजू नका. सगळ्यांना कळत होतं. हीच तर खरी गोष्ट आहे. धार डोळे घेते, हे शेंबडं पोरही सांगत असे. पण गाव त्याचा अभिमान बाळगून होतं. धाकूच्या घराला ‘डोळे दिल्लां घर’ म्हणत. लग्नाकार्यात त्या घरच्या आंधळ्या कर्त्याला पहिला विडा, जत्रेत पहिला नारळ. एवढा मान काय फुकट मिळतो, असं लोक म्हणत, आणि घरची माणसंही मान ताठ करून तेच म्हणत.

धाकूची बायको देवकू. ती या घरात आली तेव्हा तिलाही मोठा अभिमान वाटला होता. नवऱ्याच्या डोळ्यांपुढे धुकं येऊ लागलं तेव्हा तिनं त्याचा हात धरला आणि भट्टीच्या वाटेवर त्याला दगड न् दगड ओळखायला शिकवलं. रडली नाही. मानकऱ्याची बायको होती ती, रडून कसं चाललं असतं? अंधारी पूर्ण उतरली तेव्हा त्यांचा गुणाजी रांगत होता.

तो गुणाजी आता वयात आला होता. खांदे रुंद झाले होते, मिशी फुटली होती, आणि या उन्हाळ्यात भट्टी त्याच्या हाती जायची होती. पहिल्या फेणीची पहिली धार गुणाजी पिणार, म्हणून गावात आनंद होता. गुणाजीला तर कधी एकदा पितो असं झालं होतं. आरशाचा तुकडा समोर धरून तो मिशीला पीळ द्यायचा, आणि त्याला तसं आरशात बघताना पाहून देवकू त्याच्या डोळ्यांकडेच बघत राहायची.

एका सकाळी ती त्याला म्हणाली, ‘गुणो, भाटी चालव. पण ती धार पिव नको.’

पोरगं भडकलं. ‘बापूस प्यालो, आजो प्यालो. मी नाय प्यालंय तर लोक माका काय म्हणतले? आये, तू माका भ्याड करूक बघतंस?’

त्याच्याशी वाद घालून उपयोग नव्हता. शेजाऱ्यापाजाऱ्यांशी बोलून पाहिलं, तर बायकाच तिच्याकडे विचित्र नजरेनं पाहू लागल्या. मान नको म्हणणारी बाई त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. देवकू एकटी ओढा ओलांडून गेली आणि राखणदाराच्या धोंड्यापुढे बसली. काय बोलली ते कोणालाच ठाऊक नाही. पण परतली तेव्हा तिचा चेहरा शांत होता, असं सांगतात.

फेणीचं पहिलं भाणं चढलं त्या सकाळी सगळा गाव ओढ्यावर लोटला. सावळो गावकर, गावाचा थोरला मानकरी, फेटा बांधून पुढे बसला होता. धाकूला आणून नळीजवळच्या दगडावर बसवलं होतं. भाणं कधी बोलायला लागतं ते त्याला कानांनी कळत असे. त्यानं हात वर केला, लोक गप्प झाले, आणि नळीच्या तोंडाशी पहिली धार आली.

गुणाजी पुढे झाला. पण त्याच्या आधी देवकू पुढे झाली. तिनं करटी धारेखाली धरली, भरू दिली, आणि उचलून घेतली.

‘देवकू, ती करटी गुणाजीक दी,’ सावळो गावकर म्हणाला.

‘गावकारांनु, माका एक इचारूचा असा. ह्या गावात मोठो कोण?’

‘राखणदार. तेच्यापेक्षा मोठो कोण असतलो?’

‘मगे पयली धार आमच्या घरान कशी पिवची? राखणदाराक तुम्ही करटी दाखयतास जत्रेक, सगळा पिवन झाल्यावर. इतकी वर्सा देवाक उष्टा देतास तुम्ही.’

आजवर हे कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. धार मोठ्याची, हे तर गावच म्हणत होतं. राखणदार सगळ्यांत मोठा, हेही गावच म्हणत होतं. आणि तरी एवढी वर्षं माणसं आधी पीत होती आणि देव मागाहून. मानपानावरून ज्या गावात भावाभावांचं बोलणं बंद होतं, त्या गावाला यावर काय उत्तर सुचणार? सावळो गावकरानं फेटा सारखा केला.

शेवटी तो म्हणाला, ‘आणि तेणी घेतल्यान नाय तर? ह्या फातरात पावसाचा पाणी सुदीक जिरत नाय.’

ते खरंच होतं. तो धोंडा अस्सल काळा फत्तर. पाणी त्याच्यावर पडलं की घरंगळून जायचं.

‘तेणी नाय घेतल्यान तर मी पितलंय,’ देवकू म्हणाली. ‘ही, आणि हेच्यापुढची दर भाणाची. डोळे व्हये तर माझे घेवंदेत. पण माझो झील पिवचो नाय.’

‘आये, सगळ्या गावासमोर माझी लाज काढलंस!’ गुणाजी ओरडला. त्याचा चेहरा लालबुंद झाला होता, आणि डोळ्यांत पाणी होतं ते काही धारेच्या वासानं आलेलं नव्हतं. पण देवकू थांबली नाही. करटी दोन्ही हातांत धरून ती ओढ्यात उतरली, पलीकडे चढली, आणि मागून सगळा गाव गेला. धाकूलाही कोणीतरी हाताला धरून आणलं.

गाऱ्हाणं घालायचं म्हणजे देवापुढे मोठ्यानं मागणं मांडायचं. ते गावकरानं घालायचं असतं आणि जमलेल्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणून त्याला साथ द्यायची असते. साथ मिळाली नाही तर ते मागणं देवापर्यंत पोचत नाही, असं मानतात. बाईनं कधी गाऱ्हाणं घातलेलं गावानं पाहिलं नव्हतं. देवकूनं ते घातलं.

‘बा राखणदारा म्हाराजा! आजपावेतो आम्ही तुका उष्टा दिला. काय चुकला असात ता पदरात घे. आजपासून पयली धार तुजी. तिच्यात जा काय इख असात ता तू सोस, आणि आमच्या पोरांका राख रे म्हाराजा!’

कोणीच साथ दिली नाही. लोक एकमेकांकडे पाहत उभे राहिले. सावळो गावकर खाली पाहत होता. गुणाजी पाठ फिरवून उभा होता. देवकूनं करटी खाली ठेवली नाही.

तेवढ्यात धाकू बोलला. जन्मभर त्या मानानं मिरवलेला माणूस. तो आता बायकोला फैलावर घेणार, असंच सगळ्यांना वाटलं.

‘सावळ्या,’ तो म्हणाला, ‘माका दिसाचा बंद झाला तेव्हा गुणो रांगत होतो. आता तेका मिशी फुटली म्हणतत. माका ती हातान चाचपून बघूची लागता, आणि तो हात लावक देना नाय, तेका लाज वाटता. मान मी घेतलंय. गोड मानून घेतलंय. पण माझ्या झिलाचा तोंड माका बघूक मिळाक नाय रे.’

एवढं बोलून त्यानं धोंड्याच्या अंदाजानं तोंड वळवलं, हात जोडले आणि म्हणाला, ‘व्हय म्हाराजा.’

एकट्याचा तो आवाज ऐकून कोणाला राहवलं नाही. आधी बायकांतून आला, मग पुरुषांतून, आणि मग सगळ्या खोऱ्यातून घुमला, ‘व्हय म्हाराजा!’

देवकूनं करटी धोंड्यावर रिती केली.

धार काळ्या पाठीवरून पसरली आणि उतारानं निघाली. कडेपर्यंत आली. आता ती घरंगळून मातीत पडणार, म्हणजे देवानं नाकारली. देवकूनं ते पाहिलं आणि ती मागे वळली. भट्टीवरून दुसऱ्या करटीत उरलेली पहिली धार कोणीतरी सोबत आणली होती. तिनं ती त्याच्या हातून घेतली आणि ओठांकडे नेली.

‘आये!’ गुणाजीनं झेप घालून तिचं मनगट धरलं. ‘आये, थांब. बघ.’

धार कडेवर थांबली होती. थेंब लोंबला होता, पण पडत नव्हता. आणि मग साऱ्या गावाच्या देखत तो थेंब वर सरकला म्हणे. मागची ओल आकसत गेली, धोंड्यानं ती हळूहळू आत ओढली, आणि पाठ कोरडी ठणठणीत झाली. खाली मातीवर एक थेंबही नव्हता. कोणी म्हणतं, त्या वेळी पोट भरलेल्या माणसासारखा एक सुस्कारा ऐकू आला. कोणी म्हणतं, वहाणा करकरल्या. ऊन तापलं होतं म्हणून ओल सुकली, असंही म्हणणारे आहेत, आणि त्यांनाही आम्ही जेवायला वाढतो.

दुसरी करटी सावळो गावकरानं स्वतः धोंड्यावर ओतली. फेटा काढून, वाकून. तीही आत गेली. मग तो धाकूच्या घरच्यांकडे वळून म्हणाला, ‘तुमचो मान कोणी काढल्यान नाय. तुम्ही तो देवापर्यंत पोचवलास. आजपासून ह्या घराक “धार दिल्लां घर” म्हणाचा.’

मंडळी पुन्हा भट्टीवर आली तोवर नळीतून मधली धार सुरू झाली होती. संथ, स्वच्छ, करटीत पडताना मोत्यांसारखा फेस धरणारी. आजवर ती व्यापाऱ्यांच्या बुधल्यांत जायची. गावानं तिच्याकडे कधी नीट पाहिलंही नव्हतं. सगळं लक्ष पहिल्या धारेवर. त्या दिवशी पहिल्यांदा आयनखोलाची माणसं गोल करून खाली बसली, करट्या हातोहात फिरल्या, आणि आपली फेणी चवीला कशी असते ते त्यांना कळलं. एवढी गोड वस्तू आपण विकत होतो आणि जाळाला तेवढा मान देत होतो, असं म्हणून म्हातारे स्वतःवरच हसले. शेवटची फिकी धार मागे ठेवली, ती आजही गुडघ्यांना चोळायला आणि पोरांच्या सर्दीला वापरतात.

गुणाजीनं करटी घेतली तेव्हा धाकूनं हाक मारली, ‘गुणो, माझ्यासमोर येवन बस.’

पोरगा समोर येऊन बसला. त्यानं बापाचा हात आपणहून उचलला आणि आपल्या तोंडावर ठेवला, मिशीवर. मग तो प्यायला. धाकूनं त्याचा घोट खाली उतरेपर्यंत वाट पाहिली आणि विचारलं,

‘मी दिसतंय मां रे तुका?’

‘दिसतास, बाबा.’

दुसऱ्या दिवशी गुणाजी उठला तेव्हा बाप उशाशी बसून होता. त्यानं पुन्हा तेच विचारलं आणि पोरानं पुन्हा तेच सांगितलं. मग प्रत्येक भाण्याला, प्रत्येक उन्हाळ्याला, धाकू जिवंत होता तोवर विचारत राहिला, आणि गुणाजी कधी कंटाळला नाही. गुणाजी पिकून म्हातारा झाला. नातवंडांच्या पायातले काटे तो सुईनं काढायचा, चष्म्याशिवाय.

आजही आयनखोलाच्या भट्टीवर पहिली धार धोंड्याला जाते, मग तिथे बसलेला पाहुणा कितीही मोठा असो. आजही मधली धार करटीत घेऊन देणारा घेणाऱ्याच्या समोर बसतो. दुसरीकडे पेल्यावर पेला आपटतात, इथे तसलं काही नाही. करटी हातात देण्याआधी तो विचारतो, ‘मी दिसतंय मां?’ नवखा पाहुणा हसतो. त्याला वाटतं, चढली की नाही ते बघतायत. गोष्ट ऐकलेला माणूस हसत नाही. तो समोरच्याचं तोंड आधी नीट पाहून घेतो, ‘दिसतास’ म्हणतो, आणि मगच करटी ओठांना लावतो.